पाठीवर कारण लिहावं

जेल प्रिंटिंगमध्ये चूक अशी नसतेच, असं या कलेच्या व्हिडिओंमधली मंडळी हसतहसत सांगतात. ती बहुधा थंड हवेत बसलेली असतात. आमच्या बीड जिल्ह्यात एप्रिलच्या दुपारी प्लेटवर रंग फिरवावा, पान ठेवावं, कागद घ्यायला मान वळवावी, तेवढ्यात रंग वाळून प्लेटला धरलेला असतो. कागद उचलला की कोराच्या कोरा हाती येतो. ही चूक नव्हे, तर मग काय म्हणायचं हिला?

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जिलेटिनची किंवा तशाच लवचीक पदार्थाची बोटभर जाडीची वडी असते, ती जेल प्लेट. तिच्यावर अ‍ॅक्रिलिक रंगाचे चार थेंब टाकायचे, रबरी रोलरने पातळ थर पसरायचा, त्यावर पान, सुतळी, जाळी, लेस असं काहीबाही मांडायचं, वरून कागद दाबायचा आणि उचलायचा. यंत्र लागत नाही. प्रत्येक ठसा एकुलता एक, तसाच दुसरा निघत नाही. असे रंगलेले कागद मग कापून, चिकटवून, वर लिहून एका वहीत जातात. ती झाली आर्ट जर्नल.

मी अंबाजोगाईत चित्रकला शिकवते. शाळेतली मुलं आणि रविवारी गच्चीवर जमणाऱ्या बायका, अशा दोन्हीकडे हा उद्योग काही वर्षं चालू आहे. त्यातून हाती लागलेलं इथे मांडते. आकडे सोयीसाठी घातलेत, पहिलं ते सर्वांत मोठं असं काही नाही.

१. आधी हवेला विचारावं

अ‍ॅक्रिलिक रंगातलं पाणी उडालं की तो वाळतो, आणि एकदा वाळला की पाण्यात परत विरघळत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि वर पंखा गरगरत असतो. त्यामुळे आमच्या वर्गाचा पहिला नियम पंखा बंद. घामाने जीव जातो, पण रंग ओला राहतो. काम सकाळी आठच्या आत, कागद आधीच कापून हाताशी, आणि रंगात ग्लिसरीनचा एखादा थेंब.

एवढं करूनही थर वाळतोच. तेव्हा प्लेट खरवडायला धावू नये. वाळलेल्या थरावर दुसऱ्या, शक्यतो फिक्या रंगाचा पातळ हात फिरवावा, लगेच कागद ठेवावा, तळहाताने सगळीकडे सारखा दाबावा आणि जरा थांबावं. नवा रंग कागदाला धरतो आणि निघताना खालचा वाळलेला थरही ओढून नेतो. कागदावर क्रम उलटा दिसतो: जो आधी लावला होता तो वर, जो नंतर लावला तो त्याच्या मागे. ज्या पानाचा ठसा गेला म्हणून हळहळ केली, ते पान पिवळ्या किंवा आकाशी पार्श्वभूमीवर स्वच्छ उभं राहतं. थंड गावातल्या कलाकारांना असा ठसा हवा असेल तर थर वाळण्याची वाट बघत बसावं लागतं. आमच्याकडे हे काम ऊन फुकटात करतं.

२. बिघडलेल्या कागदाच्या पाठीवर कारण लिहावं

मला या सगळ्यातलं एकच सांगायची मुभा दिली, तर मी हेच सांगेन.

आपल्याकडे चित्रकला शिकलेल्या प्रत्येकाच्या अंगात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा मुरलेल्या असतात. कागद स्वच्छ हवा, रबराचा डाग नको, रंग रेषेबाहेर जाता कामा नये. त्या परीक्षांशी माझं भांडण नाही. हाताला शिस्त लागते ती तिथेच. पण त्यामुळे मुलांना बिघडलेला कागद दडवायची सवय लागते. चुरगाळून दप्तरात कोंबतात, बाईंना दिसू नये म्हणून. आणि त्या कागदाबरोबर तो का बिघडला हेही दप्तरात जातं.

याच्या उलट टोकाला ‘चुकांना मिठी मारा’ म्हणणारा नवा पंथ आहे. तोही मला पटत नाही. रंगाची बाटली विकत आणावी लागते, कागदाला पैसे पडतात. पालक ज्या कमाईतून ते आणतात ती बघता, नुसतं ‘झालं ते छानच झालं’ म्हणून पुढे जाणं मला उधळेपणा वाटतो. बिघडलेला कागद ठेवावा, उलटा करावा आणि पेन्सिलीने कारण लिहावं.

कारणं फार नसतात. रंग जाड झाला की पानाच्या शिरा बुजतात आणि कडेला रंगाचा वरंबा चढतो. रंग कमी पडला की ठिपके ठिपके येतात. हाताचा दाब मधे हुकला की मधोमध पांढरा ढग राहतो. कागद खरबरीत असला की फक्त त्याचे उंचवटे रंगतात. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद देखणा, त्यावर शाईने लिहावं तर हात सुखावतो. पण बारीक शिरांचा ठसा त्यावर नीट उमटत नाही, त्याला झेरॉक्सचा साधा गुळगुळीत कागदच बरा. आता हेच सगळं मुद्दाम करून बघा. पावसाळी आभाळ हवं असेल तेव्हा हुकलेल्या दाबाचा पांढरा ढग कामाला येतो. खडकाळ माळ हवा असेल तेव्हा खरबरीत कागद.

एकदा आठवीतली एक मुलगी ठसा घेऊन आली. निळ्यात तांबूस शिरा अशा काही मिसळल्या होत्या की मीच बघत राहिले. म्हणाली, ‘‘बाई, लई भारी आलंय. पण कसं आलं ते नाही ठाऊक.’’ मी म्हटलं, ‘‘मग अजून ते तुझं झालं नाही. मागे लिही, काय काय केलंस ते.’’ तिने आठवून आठवून लिहिलं: तांबडा आधी, वाळला, मग निळा, मग लिंबाची डहाळी, पंखा चालू. ‘पंखा चालू’ हे दोन शब्द महत्त्वाचे होते.

३. प्लेट घरी करायची तर आधी स्वयंपाकघराची परवानगी काढावी

जिलेटिन जनावराच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात. माळकरी घरात ते शिजवायला घेतलं की काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. आमच्या सासूबाईंनी एवढंच विचारलं, ‘‘हे पातेलं पुन्हा चुलीवर चढणार आहे का?’’ तेव्हापासून त्या कामाचं पातेलं, चमचा आणि शेगडी अंगणात. धर्माचा प्रश्न बाजूला ठेवला तरी नियम योग्यच आहे. ग्लिसरीन-रंगाची भांडी खाण्याच्या भांड्यांत मिसळू नयेत.

प्रमाण साधारण असं: ८० ते ८५ ग्रॅम जिलेटिन, दीड कप ग्लिसरीन, दीड कप पाणी. आधी निम्म्या ग्लिसरीनमध्ये जिलेटिन कालवून घ्यायचं, मग कडकडीत पाणी, मग उरलेलं ग्लिसरीन, आणि ढवळायचं अगदी हळू. जोरात ढवळलं की बुडबुडे धरतात. ओतल्यावर वर आलेले बुडबुडे कागदाच्या पट्टीने कडेला ओढून काढावे लागतात. राहिलेला प्रत्येक बुडबुडा प्लेटवर खड्डा होतो आणि पुढच्या प्रत्येक ठशात पांढरा ठिपका होऊन येतो.

नुसत्या पाण्यातलं जिलेटिन ३५ अंशांच्या आसपास वितळतं. ग्लिसरीनची प्लेट जास्त टिकाव धरते, पण गच्चीवरच्या उन्हात तीही ओघळायला लागते. हे दुखणं जुनं आहे. खिळे जुळवून छपाई व्हायची त्या काळात छापखान्यातले शाईचे रूळ सरस आणि काकवी शिजवून ओतत, पुढे त्यात ग्लिसरीन आलं. ते रूळ गरम हवेत मऊ पडत, म्हणून उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं मिश्रण वेगवेगळं ठेवत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात हेक्टोग्राफ निघाला, तोही जिलेटिन-ग्लिसरीनच्याच थरावर चाले. खास शाईने लिहिलेला कागद त्यावर दाबला की शाई थरात उतरे आणि मग त्यावरून प्रती काढता येत. म्हणजे आज हौसेची म्हणून विकली जाणारी ही वडी एकेकाळी कचेऱ्यांचं नकलाकाम करत होती.

जिलेटिन नकोच असेल तर चायना ग्रास वापरून बघता येतं. ते शाकाहारी, समुद्री शेवाळातून निघतं, उन्हातही लवकर वितळत नाही. पण ठिसूळ. दुसऱ्या-तिसऱ्या ठशालाच तडे जातात. त्या तड्यांच्या बारीक पांढऱ्या रेषा मात्र हुबेहूब भेगाळलेल्या काळ्या रानासारख्या उमटतात. मराठवाड्यातल्या चित्रकाराला यापेक्षा ओळखीचं काय मिळणार? विकत मिळणाऱ्या तयार प्लेटमध्ये जिलेटिन नसतं, त्यामुळे तो वादही मिटतो आणि उन्हाचाही. घरच्या प्लेटची एक गोष्ट मात्र तिच्यात नाही: घरची प्लेट चिरली, खड्डे पडले, रंगाने माखली तरी पुन्हा वितळवून ओतता येते.

४. पाणी नाही म्हणून

पुस्तकांत लिहिलेलं असतं की प्रत्येक ठशानंतर रोलर आणि प्लेट धुवून घ्या. ज्या गावात उन्हाळ्यात नळाची वाट दिवसेंदिवस बघतात आणि टँकर आला की बायका घागरी घेऊन पळतात, तिथे रंगाची वडी धुवायला बादलीभर पाणी मागायचं कोणत्या तोंडाने? बालाघाटाच्या या पट्ट्याला पर्जन्यछायेने दिलेली ही शिस्त आहे.

मग आम्ही धुणं बंद केलं. बाजूला एक रद्दी कागद ठेवायचा आणि रंग बदलताना रोलर त्याच्यावर फिरवून कोरडा करायचा. प्लेटवर उरलेला रंगही त्याच कागदाने उचलायचा. दिवसाअखेरी त्या पुसण्याच्या कागदावर दहा रंगांचे पट्टे, अर्धवट शिरा, रोलरच्या कडांच्या रेघा एकमेकींवर चढलेल्या असतात. ज्याला कोणी चित्र म्हणून हात लावला नाही तो कागद बहुतेक वेळा त्या दिवसाचा सर्वांत चांगला कागद निघतो. कारण त्यावर कोणी काही ‘करायला’ गेलेलंच नसतं.

रद्दीची आपल्याकडे वाण नाही. लग्नसराई उलटली की पत्रिकांचा ढीग, जुन्या वर्षाचं कॅलेंडर, भरलेल्या हिशेबवह्या. कॅलेंडरच्या ज्या पानावर दुधाचा खाडा आणि गॅसची तारीख लिहिलेली आहे, त्यावर पातळ पिवळा ठसा घेऊन बघा. खालचे आकडे झिरपून दिसत राहतात आणि जर्नलमध्ये वेगळं काही लिहायची गरजच उरत नाही.

५. दुसरा ठसा पहिल्यासाठी टाकून देऊ नये

सीताफळाचं पान या कामाला फार चांगलं. सपाट, मऊ, मागच्या बाजूने शिरा उठून आलेल्या. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते फळासाठी. पानाचं कौतुक कोणी केलं नाही, ते मी करते. शिरांची बाजू खाली करून पान रंगावर ठेवलं आणि पहिला कागद उचलला, तर पानाच्या जागी नुसता पांढरा आकार मिळतो. नवखी माणसं इथे खट्टू होतात. ‘‘ताई, पान तर आलंच नाही की हो!’’ पान आलेलं असतं, प्लेटवर. आता पान अलगद काढायचं आणि दुसरा कागद ठेवायचा. पानाखाली दबलेल्या रंगात प्रत्येक शीर कोरलेली असते, ती आता उतरते. याला घोस्ट प्रिंट म्हणतात. पहिल्या धिरड्यासारखा पहिला ठसा तवा तापवायच्या कामाचा, खाण्याचं ते दुसरं.

एकच ठसा देणारी ही छपाई मुळात युरोपात सतराव्या शतकात, १६४० च्या दशकात, जेनोआच्या जोव्हानी कास्तिल्योनेने केली असं मानतात. पण उरलेल्या फिकट ठशाचं सोनं केलं ते एदगार दगाने. १८७० च्या दशकात हा फ्रेंच चित्रकार धातूच्या पत्र्यावर शाईने चित्र काढून ठसा घेई, मग त्याच पत्र्यावरून दुसरा, फिका ठसा घेई आणि त्यावर पेस्टलने रंग चढवी. त्याच्या नर्तिकांची कित्येक चित्रं अशा उरल्यासुरल्या शाईवर उभी आहेत.

६. त्याच दिवशी निकाल देऊ नये

चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये नागपुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे.त शिकले. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफवर त्यांचा भर. कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवून रंग उतरवायचा आणि उचलायचा, अशीही त्यांची रीत होती. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा या प्रक्रियेची जगभर चर्चा झाली. रोलर आणि कागदाचा कपटा: आमच्या गच्चीवरचीच अवजारं! फरक वेळेचा. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत, बाकीचा काळ बघण्यात आणि थांबण्यात जाई. कपटा कुठे पडला हे योगायोगाचं असेल. तो तिथे राहू द्यायचा की नाही हे त्यांनी ठरवलेलं असे.

आमच्याकडे ठसे दोरीवर वाळत घालतात आणि पुढच्या रविवारपर्यंत त्यांच्याबद्दल कोणी बोलायचं नाही. नियम मोडला जातो, पण आहे.

७. अर्धं पान अर्धंच ठेवावं

दिवाळी झाली की वर्गातली काही मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात, सगळ्यांना ते जमत नाही. त्यांच्या वह्या कपाटात पडून राहतात: एक थर दिलेला, दुसरा द्यायचा राहिलेला. पूर्वी परीक्षेआधी ती पानं दुसऱ्या कोणाकडून पुरी करून घ्यावीत, असं मनात येई. आता हात लावत नाही. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, पोरं परत येतात तेव्हा त्यांच्याजवळ वेगळं काही असतं. एकाने पिवळ्या थरावर उसाच्या पाचटाचा ठसा घेतला. पाचट त्याने कारखान्यावरून खिशातून आणलं होतं.

८. झाकायचं तर उघडपणे झाकावं

अंबाजोगाईत राहून वहीवर लिहायचं आणि संतकवी दासोपंतांचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ एकीकडे, आणि दुसरीकडे पासोडी: सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापडावर लिहिलेलं वेदान्तातलं पंचीकरण, मजकूर आणि आकृत्या एकाच पटावर. रोज एका ढब्बू पैशाची शाई ते लिहून संपवत, अशी आख्यायिका आहे. कापडावर शाई पसरते, खरवडता येत नाही, आणि पान उलटून नव्याने सुरुवात करायची सोयही नसते. आमच्या वर्गातल्या बायका पासोडीबद्दल ऐकतात तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो की चुकलं तर काय करत असतील.

कागदावर पोथ्या नकलणाऱ्यांचा उपाय मात्र माहीत आहे. चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप द्यायचा आणि वाळला की त्यावर बरोबर अक्षर लिहायचं. जुन्या पोथ्यांत ते पिवळे पट्टे आजही दिसतात. दुरुस्ती लपवलेली नसते, वाचणाऱ्याला कळतं की इथे लेखनिक थांबला होता. जर्नलमध्ये आम्ही हरताळाऐवजी व्हाइटिंग पावडर आणि फेव्हिकॉल पाण्यात कालवून लावतो. तो थर पातळच ठेवावा, खालचा रंग थोडा डोकावू द्यावा. पूर्ण पांढरं करून टाकलेलं पान वहीत ठिगळासारखं नव्हे, खोटं दिसतं.

९. काही चुका चुकाच असतात

गाजरगवताचं पान ठशाला सुरेख, कातरलेल्या नक्षीचं. पण त्याने अनेकांच्या त्वचेला खाज आणि पुरळ येतं, ते मुलांच्या हाती देऊच नये. बाभळीची डहाळी काट्यांसकट प्लेटवर दाबली तर प्लेट फाटते, आणि त्या फाटण्यात कला शोधू नये. अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, त्याचं पाणी परसातल्या भाजीला घालू नये. वाळू द्यावं आणि पापुद्रा कचऱ्यात टाकावा. मैद्याच्या खळीने चिकटवलेल्या पानांना झुरळं लागतात. बाइंडर खळीत मोरचूद घालत, पण मोरचूद विषारी, शाळेत फेव्हिकॉलच बरा.

आणि वह्या आडव्या रचून ठेवू नयेत. पावसाळ्याच्या दमट हवेत वजनाखाली अ‍ॅक्रिलिकची पानं एकमेकांना अशी धरतात की सोडवताना दोन्ही फाटतात. उभ्या ठेवाव्यात, रंगीत पानांच्या मधे बटर पेपर घालावा. तो नसेल तर हातावर टाल्कम पावडर घेऊन पानावरून फिरवावी आणि जादाची झटकून टाकावी.